‘समजलं का?’ विचारून पुढे सरकणं, आणि कॉलेजच्या तासावरच्या इतर चुका

‘समजलं का?’ हा कॉलेजच्या तासाला सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे. पुढच्या दोन बाकांवरून ‘हो सर’ येतं, बाकीचा वर्ग वहीत डोकं घालतो आणि सर फळा पुसून पुढच्या मुद्द्याला लागतात. साठ-सत्तर जणांसमोर कुणी ‘नाही समजलं’ म्हणेल ही अपेक्षाच भाबडी. त्यात बऱ्याच मुलांना आपल्याला समजलेलं नाही, हेच ठाऊक नसतं.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांचा अनुभव यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. मुलांचे अभिप्राय उत्तम होते, परीक्षेतली गणितं सुटत होती, म्हणजे काळजीचं काही कारण नव्हतं. मग त्यांनी न्यूटनच्या नियमांवरची, आकडेमोड नसलेली, साध्या भाषेतली चाचणी वर्गाला दिली. तेव्हा वर्गातून प्रश्न आला: उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की आम्हाला वाटतं तशी?

पुढे त्यांनी एकाच विषयावरचे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहिले. एक नेहमीचा: दोन लूपचं सर्किट, किरचॉफचे नियम लावून करंट काढा. दुसरा: तीन सारखे बल्ब एकसरीत, तिसऱ्या बल्बला समांतर एक स्विच. स्विच चालू केल्यावर प्रत्येक बल्बच्या प्रकाशाचं काय होईल? पहिलं गणित नीट सोडवणारी मुलंही दुसऱ्यात अडकली. तो खरं तर तोंडी सुटतो. बॅटरी १२ व्होल्टची धरा. आधी प्रत्येक बल्बला ४ व्होल्ट. स्विच चालू होताच करंट तिसऱ्या बल्बला वगळून तारेतून जातो, तो विझतो, उरलेल्या दोघांना ६-६ व्होल्ट मिळतात. रोध बदलत नाही असं मानलं तर त्यांची शक्ती सव्वादोन पट होते. हा प्रश्न बी.एस्सी.च्या कुठल्याही वर्गात टाकून बघा आणि मग ठरवा, ‘समजलं का?’ला आलेल्या ‘हो’ची किंमत काय.

यावर माझूर यांनी १९९१पासून वापरलेली रीत आता जगभर चालते, आणि जगभर चुकीची चालवलीही जाते. रीत सोपी आहे. दहा-पंधरा मिनिटं शिकवा. मग चार पर्यायांचा एक प्रश्न टाका. दीड-दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, अवाक्षर न काढता. मग सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं. त्यानंतर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद, पुन्हा मत, आणि शेवटी तुमचं स्पष्टीकरण. एका प्रश्नाला आठ ते दहा मिनिटं जातात. तासाला असे दोन बसतात, तिसरा ओढूनताणून.

बिघडतं कुठे? सगळ्यात आधी, हात वर करायला लावण्यात. पोरं आधी वर्गातल्या हुशार मुलाचा हात बघतात, मग आपला वर करतात. पुठ्ठ्याच्या चार रंगांच्या चार पट्ट्या प्रत्येकाला द्या, मोठ्या अक्षरांत ए, बी, सी, डी लिहिलेल्या. तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी छातीशी धरायच्या. डोक्यावर धरल्या की मागचे बघून आपली बदलतात. मोबाइलवरची मतदानाची ॲप्स दिसायला छान, पण कॉलेजचं वाय-फाय आणि मुलांचा डेटा पॅक यांच्या भरवशावर तास चालवू नये.

त्याहून मोठी चूक म्हणजे पहिल्या मतानंतर लगेच बरोबर उत्तर सांगून टाकणं. घाईच्या माणसाला हे आवरतच नाही. पण उत्तर कळलं की वाद संपला, आणि सगळा फायदा त्या वादातच आहे. कितीजण बरोबर आहेत हेही तोंडाने सांगू नका, नुसतं मोजा. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चेला सोडा. ३०च्या खाली असतील तर चर्चेत चुकीचंच पसरतं; थांबून तो भाग दुसऱ्या उदाहरणाने पुन्हा शिकवा. ७०च्या वर असतील तर एका मिनिटात उलगडून पुढे जा.

‘चर्चा करा’ एवढंच म्हटलं तर मुलं क्रिकेटवर चर्चा करतात. ‘वेगळी पट्टी दाखवलेला कुणीतरी शोधा आणि त्याला पटवा’ असं सांगा. बाकं जमिनीला ठोकलेली असली तर एकाआड एक रांग मागे वळवा. आणि चर्चा मराठीतच होऊ द्या. प्रश्न पडद्यावर इंग्रजीत असेल, पेपरही इंग्रजीत असेल. पण ‘अरे, करंट तिकडून कशाला जाईल?’ हे पोरांना इंग्रजीत म्हणायला लावलं की अर्धा वर्ग गप्प बसतो आणि आपण त्याला ‘प्रतिसाद नाही’ म्हणतो.

प्रश्न मात्र स्वतः काढावा लागतो. प्रश्नपेढीतून उचललेले किंवा एआयकडून पाच मिनिटांत पंचवीस काढून घेतलेले प्रश्न बहुधा व्याख्येवरचे असतात. त्यात चुकीचे पर्याय इतके उघड चुकीचे असतात, की कुणी चुकतच नाही. चुकीचा पर्याय मुलांच्या डोक्यातून यायला हवा. त्यासाठी मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढून बसा आणि एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली की तिचा पर्याय करा. ‘वरीलपैकी सर्व’ कधीच नको.

तोंडी प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणं ही तर साथच आहे. विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांचे वर्ग तपासले, तेव्हा प्रश्न आणि शिक्षकाचं पुढचं वाक्य यांत साधारण एका सेकंदाचं अंतर निघालं. ते तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब झाली, उत्तर देणारेही वाढले. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. शांतता तुम्हाला खुपते, मुलांना नाही.

स्लाइड वाचून दाखवू नका. नोट्स डिक्टेट करू नका. झेरॉक्सचं दुकान ते काम जास्त स्वस्तात करतं. ‘दृश्य’, ‘श्राव्य’ असे शिकण्याचे प्रकार ठरवणारे फॉर्म भरून घेऊ नका. त्या प्रकारांनुसार शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला धड पुरावा नाही.

परीक्षेआधी ‘रिव्हिजन’ म्हणून सगळं पुन्हा सांगणं हाही वेळेचा अपव्यय. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. तेव्हा तासाच्या सुरुवातीला वह्या बंद करून मागच्या तासाचे तीन मुद्दे कोऱ्या कागदावर लिहायला लावा. चार मिनिटं पुरतात. गुण देऊ नका; दिले की कॉपी सुरू.

शेवटच्या दोन मिनिटांत ‘आज काय अडलं?’ म्हणून चिठ्ठ्या घेणारे बरेच असतात. त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला दाखवायच्या, फायलीत जातात. स्टाफरूममध्ये बसून तीन गठ्ठे करा: समजलं, एकाच ठिकाणी अडलं, भलतंच समजलं. सत्तर चिठ्ठ्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. पुढचा तास दुसऱ्या गठ्ठ्यापासून सुरू करा आणि ‘हे तुमच्याच चिठ्ठ्यांतलं’ असं सांगा. दोनदा उत्तर मिळालं नाही, की तिसऱ्यांदा चिठ्ठी कोरी येते.

आता नवशिक्यांबद्दल. एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांचं प्रशिक्षण, करून आलेला उत्साही प्राध्यापक सोमवारी गटचर्चा, पोस्टर, क्विझ, उलटा वर्ग (धडा घरी, सराव वर्गात) असं सगळं एकदम सुरू करतो. पंधरा दिवसांत मुलं म्हणतात, ‘सर, त्यापेक्षा तुम्हीच शिकवा ना.’ तो दुखावतो आणि दिवाळीपर्यंत पुन्हा डिक्टेशनवर येतो. मुलांची ही तक्रार नवी नाही. हार्वर्डमध्येच २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसतं ऐकण्याऐवजी स्वतः प्रश्न सोडवायच्या ‘सक्रिय’ तासाला बसलेल्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. सराईत व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं आणि त्या सोपेपणालाच मुलं शिकणं समजतात. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हे मुलांना उघड सांगा, वर बल्बचा प्रश्न टाकून दाखवा. एकच गोष्ट सुरू करा, ती निदान सहा आठवडे चालवा. चौथ्या आठवड्यात निनावी अभिप्राय घ्या, कारण सत्राच्या शेवटी घेतलेल्या फॉर्मचा त्या वर्गाला काडीचा उपयोग नसतो. दुसरी गोष्ट पुढच्या सत्रात.