कॅरॅव्हॅन घेऊन खेड्यापाड्यातल्या चर्चमध्ये सेवेला निघताना

निवृत्तीनंतर कॅरॅव्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाभर फिरायचं आणि वाटेतल्या लहान चर्चना हातभार लावायचा, असं ठरवलेल्या जोडप्यांसाठी हे लिहितो आहोत. गाडी कशी ओढायची, गॅस कसा जोडायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. नवे लोक रस्त्यावर कमी आणि चर्चच्या आवारात जास्त अडकतात, म्हणून बोलायचं आहे ते आवारातल्या कामाबद्दल.

आधी हंगाम बघा. उत्तरेकडे जायचं तर मे ते सप्टेंबर. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पावसाळा, रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. दक्षिणेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात नोव्हेंबर-डिसेंबरला कापणी चालू असते. तेव्हा हॉलची किल्ली द्यायलासुद्धा कुणी मोकळं नसतं. एकेका पाळकाकडे तीन-चार गावं असतात, काही ठिकाणी उपासना महिन्यातून एकदा-दोनदाच होते. त्यामुळे न कळवता दारात जाऊन उभं राहू नका. अँग्लिकन चर्चसाठी 1919 पासून काम करणारी ‘बुश चर्च एड’ ही संस्था आहे, तिला आधी विचारा. युनायटिंग चर्चची ‘फ्रंटियर सर्व्हिसेस’ आपल्या ‘आउटबॅक लिंक्स’मधून स्वयंसेवकांना दुर्गम भागातल्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवते, तेही काम तितकंच मोलाचं. नाहीतर त्या भागाच्या डायोसीसच्या किंवा प्रेस्बिटरीच्या, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक विभागाच्या, ऑफिसला दीड-दोन महिने आधी लिहा. दोघांना काय काय येतं, किती दिवस राहणार, गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून लांबी किती, वीजपाणी लागेल का, शिडीवर चढता का, एवढं पत्रात असलं की पुरे. धार्मिक प्रवासवर्णन नको. ते पत्र वाचणाऱ्या बाईंना फक्त तुम्हाला कुठे बसवायचं ते ठरवायचं असतं.

आता फायब्रो. हा भाग लांबणार आहे, पण वगळू नका.

खेड्यातलं चर्च दगडाचं, विटांचं किंवा लाकडी फळ्यांचं असतं. त्यामागचा हॉल, स्वयंपाकघर आणि संडास मात्र बऱ्याचदा नंतर, 1950 ते 1980 च्या दरम्यान, स्वस्तात बांधलेले. त्या काळातला फायब्रो म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा. ऑस्ट्रेलियात अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती 31 डिसेंबर 2003 ला. 1990 पूर्वीची इमारत असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच समजून चाला. बघून ओळखता येत नाही. तीस वर्षं सुतारकाम केलेल्यालाही येत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तुकडा तपासल्यावरच कळतं. आणि तो तुकडा तुम्ही स्वतः तोडायचा नाही.

तो फक्त भिंतीत असतो असंही नाही. पागोळीखालच्या पट्ट्या, संडासाच्या भिंती, नळीदार छप्पर, जुन्या व्हिनाइल फरशीची पाठ, मीटर बोर्डामागचा काळा पत्रा, अशा ठिकाणी तो सापडतो. धोका धुळीचा. शाबूत, रंगवलेला फायब्रो आपल्या जागी वर्षानुवर्षं बसून राहतो, कुणाला काही करत नाही. त्याला छिद्र पाडलं, घासलं, कापलं, तोडलं की तंतू हवेत जातात. मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग त्यानंतर कित्येक दशकांनी उमटतो. ‘आमचं वय झालं, आम्हाला काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्याच हॉलमध्ये रविवारी मुलं जमिनीवर बसून चित्रं रंगवतात.

चूक कशी होते बघा. सूचनाफलक टांगायला म्हणून एक छिद्र. रंगाआधी पोपडे काढायला सँडर. छपरावरचं शेवाळं काढायला प्रेशर वॉशर. यातलं शेवटचं तर बेकायदेशीरच आहे, कारण पाण्याच्या जोरानं पत्र्याचा वरचा थर सुटतो आणि तंतू सगळ्या आवारभर उडतात. मग कचरा गोळा करायला घरगुती व्हॅक्यूम फिरवतात. त्याच्या फिल्टरमधून बारीक तंतू आरपार जातात आणि उरलेली खोलीही खराब होते. यातलं एकही काम अंगावर घेताना मोठं वाटत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी, ब्रश हातात घेण्याआधी, अ‍ॅस्बेस्टॉस रजिस्टर, म्हणजे इमारतीत तो कुठे आहे याची नोंदवही, मागा. रजिस्टर नसेल तर त्याचा अर्थ ‘अ‍ॅस्बेस्टॉस नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ अजून कुणी बघितलेलं नाही. असलं, तरी तपासणाऱ्याला दिसलं तेवढंच त्यात असतं, भिंतीच्या आतलं नसतं. बहुतेक राज्यांत 10 चौरस मीटरपर्यंत घट्ट बांधणीचा, म्हणजे सिमेंटमध्ये तंतू पक्के बसलेला, अ‍ॅस्बेस्टॉस परवान्याशिवाय काढता येतो, असं कुणीतरी तुम्हाला हमखास सांगेल. 10 चौरस मीटर म्हणजे 2.4 बाय 1.2 मीटरचे साडेतीन पत्रेही नाहीत, एका संडासाच्या भिंती त्यापेक्षा जास्त भरतात. शिवाय नियमानुसार ओला करून काढायचा, 0.2 मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायचा, लेबल लावायचं, परवानगी असलेल्या डम्पवरच न्यायचा. आमचं मत ठाम आहे: पाहुण्या स्वयंसेवकानं एक चौरस मीटरही काढू नये. व्हिडिओ बघून शिकण्याचं हे काम नाही. आणि चुकून फुटलाच तर झाडू घेऊ नका. काम थांबवा, खोली बंद करा, कुणाला आत येऊ देऊ नका, जबाबदार माणसाला फोन करा.

एवढं वाचून घाबरून जायचं कारण नाही. शाबूत फायब्रो न घासता, नुसता हलक्या हातानं पुसून ब्रशनं रंगवता येतो. लाकडी फळ्या, कुंपण, बाकं, गवत, स्वयंपाकघराची कपाटं, स्तोत्रपुस्तकांची डागडुजी, म्हाताऱ्या माणसांना गाडीनं दवाखान्यात नेणं, पाळकसाहेब रजेवर असताना घर सांभाळणं, अशी महिनाभर पुरतील एवढी सुरक्षित कामं प्रत्येक गावात असतात. 1970 पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, तिथेही कोरडं घासणं टाळा. वीज आणि प्लंबिंग परवानाधारकांचं काम. नुसता सॉकेट बदलायलाही हात लावू नका.

कार्डांचं थोडक्यात. मुलांशी संबंध येणार असेल तर त्या त्या राज्याचं, पार्श्वभूमी तपासून दिलेलं कार्ड लागतं आणि एका राज्याचं कार्ड दुसऱ्यात सरसकट चालत नाही. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाचं पाच वर्षं, क्वीन्सलँडचं ब्लू कार्ड तीन वर्षं, नॉर्दर्न टेरिटरीचं ओकर कार्ड दोन वर्षं. क्वीन्सलँडमध्ये तर कार्ड नसताना कामाला सुरुवातच करता येत नाही. काही राज्यांत पाहुण्यांना थोड्या दिवसांची सवलत असते, पण तिच्या अटी निराळ्या. मार्गावरच्या राज्यांचे अर्ज निघण्याआधीच करा. शिवाय चर्च स्वतःचं प्रशिक्षणही मागेल. वाईट वाटून घेऊ नका. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल 2017 मध्ये आला, त्यानंतर हे सगळं कडक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. निवृत्त पाळकांनी आणखी एक पाहावं: अँग्लिकन डायोसीस बदललं की प्रभुभोजनविधी चालवायला तिथल्या बिशपची परवानगी लागते.

कॅरॅव्हॅन आवारात लावताना वीज बघा. तुमचा प्लग 15 अँपिअरचा, त्याची अर्थिंगची पट्टी रुंद. हॉलचा सॉकेट 10 अँपिअरचा, त्यात तो बसत नाही. पट्टी कानशीनं घासून बसवणारे महाभाग भेटतील, त्यांचं ऐकू नका. जुन्या हॉलमध्ये चिनी मातीचे फ्यूज असतात आणि गळती होताच वीज तोडणारा सेफ्टी स्विच नसतो, तार भिंतीतच तापते. 10 अँपिअरचा ब्रेकर आणि सेफ्टी स्विच असलेला तयार अडॅप्टर घ्या. तो लावल्यावरही एसी आणि किटली एकत्र चालवायची नाही. पाणीही विचारूनच भरा. बऱ्याच गावांत पावसाच्या टाकीचंच पाणी असतं आणि तुमच्या दोन टाक्यांत सहज 180 लिटर जातं.

हेच 180 लिटर म्हणजे 180 किलो. अवजारं घेऊन फिरणाऱ्यांचा हिशोब इथेच चुकतो. कॅरॅव्हॅनचं टेअर म्हणजे रिकामं वजन 2,050 आणि एटीएम म्हणजे भरून चालणारं कमाल वजन 2,500 असेल तर हातात 450 किलो. पाणी आणि 9 किलोच्या दोन सिलिंडरांमधला गॅस गेला की उरले 252, त्यात कपडे, अन्न, भांडी, ऑनिंग म्हणजे बाहेरचं कापडी छत. अवजारांची पेटी मागच्या बंपरवर लटकवलीत तर कॅरॅव्हॅन झुलायला लागते. ती चाकांच्या धुऱ्याजवळ, खाली ठेवा. टो-बॉलवरचा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा आणि तो गाडीच्या जीव्हीएममध्ये, म्हणजे तिच्या कमाल एकूण वजनात, मोजला जातो हे विसरू नका. सगळं भरून वजनकाट्यावर एकदा तरी जा. करवत, ड्रिल, दोन ब्रश, पी2 मास्क एवढं पुरे, शिडी चर्चची वापरा.

मार्गदर्शक शोधायचा तर कॅरॅव्हॅन पार्कमधला सर्वज्ञ नको, गावातली किल्ल्या सांभाळणारी व्यक्ती हवी. कुठला नळ गळतो, कुठल्या बाकावर कुणाचे वडील बसायचे, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं त्यांना ठाऊक असतं. काय करायचं ते त्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं काम कितीही किरकोळ वाटलं तरी आधी तेच करा. पहिल्या रविवारी फक्त उपासनेला बसा, नंतर चहाचे कप धुवा. प्रवचनाची तयारी करून जाऊ नका, बोलवलं तर वेगळी गोष्ट. काम सुरू करण्याआधी स्वयंसेवकांच्या नोंदवहीत दोघांची नावं आणि तारीख लिहा. अपघात झाला तर विम्यासाठी तीच नोंद बघतात, आणि त्या विम्याला वयाची अट आहे का तेही त्याच वेळी विचारून घ्या.

निघताना काय झालं, काय राहिलं, रंगाचा कोड कोणता, उरलेला डबा कुठे ठेवला, हे एका कागदावर लिहून किल्ल्यांबरोबर द्या. लोक लिंबं, टोमॅटो, घरच्या मधाची बाटली हमखास हातात ठेवतील. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडे निघाला असाल तर सीमेवरच्या चौकीत मध आणि ताजी फळं-भाज्या काढून घेतात. साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीसाठी तपासणी असते. देणाऱ्यांना आपला पुढचा रस्ता आधीच सांगा, म्हणजे ते घरचा केक देतील.