बर्फात रायफल अडते ती बहुतेक वेळा तेलामुळे: या चुका टाळा

बेळगावच्या मराठा सेंटरमधून (मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र) पास होऊन लेह-सियाचिनकडे निघालेली पोरं सुट्टीत भेटली की आधी गरम कपड्यांचं विचारतात. मी रायफलीवर येतो. आपल्या पावसात हाताला लागलेल्या सवयी तिकडे नेमक्या उलट्या पडतात.

सगळ्यात मोठी चूक तेलाची. खानापूर-जांबोटीच्या पावसात लोखंडाला बघता बघता गंज धरतो, म्हणून आपला हात तेलाला सैल. आता थंडीतली घरातली खोबरेलची बाटली आठवा. सकाळी उपडी धरली तरी थेंब पडत नाही, आणि खोबरेल तर २४ अंशांच्या आसपासच थिजतं. रायफलीचं तेल इतक्या लवकर थिजत नाही, पण उणे ३० ला नेहमीचं तेल चिकट होतं. बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) जड सरकतो, फायरिंग पिन (ठोका देणारी सुई) मंद पुढे जाते, गोळीच्या बुडाच्या कॅपवर हलका ठोका बसतो आणि नुसतं ‘टक्’ होतं. अशा वेळी बोल्ट लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. गोळी उशिराही सुटू शकते. मग ती काढून कॅपवरची खूण बघा. खूण उथळ असेल तर आधी पिनेच्या जागेत तेल किंवा बर्फ आहे का ते तपासा. वर चढण्याआधीच जुनं तेल चिंदीने पार पुसून काढा, पिनेची जागा कोरडी ठेवा आणि सरकत्या भागांवर थंडीसाठी दिलेल्या पातळ तेलाचा नुसता हात फिरवा.

दुसरी चूक काळजीपोटी होते. माझ्या एका जोडीदाराने रात्री रायफल बुखारीशेजारी (खोली गरम करणाऱ्या शेगडीशेजारी) टेकवली. पहाटे ड्यूटीवर सेफ्टी लिव्हर हलेना. टॉर्च धरला तर फटीत काचेसारखी बर्फाची रेघ. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम सुटतो, तसा थंड लोखंडाला उबेत सुटतो आणि बाहेर नेलं की गोठतो. म्हणून हत्यार आणि गोळ्या दोन्ही बाहेरच, पण आडोशाला आणि झाकून. आत आणावंच लागलं तर बंद पिशवीत आणा, म्हणजे दव पिशवीवर धरेल. हत्यार उबदार झाल्यावरच पिशवी उघडा, भाग सुटे करून कोरडे पुसा.

बर्फात पडलात तर आधी रायफलीतल्या गोळ्या काढून ती रिकामी करा आणि नळी बघा. आत बर्फ अडकलेला असताना गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. तोंडाने फुंकरही मारू नका, श्वासातली वाफ आत गोठते. प्लास्टिकची मॅगझीन आपटू नका; १९९९ च्या कारगिल लढाईत इन्सास रायफलीची मॅगझीन थंडीत तडकल्याच्या तक्रारी झाल्या होत्या.

आणि इथलं झिरोइंग, म्हणजे नेम आणि मार जुळवून बसवलेली साइट, तिकडे धरून चालू नका. थंड बारूद हळू जळतं, गोळीचा वेग घटतो, लांबवर मार खाली पडतो. उलट उंचीवरची विरळ हवा गोळीला कमी अडवते आणि मार वर नेते. बेळगाव अडीच हजार फुटांवर, तर सियाचिनच्या काही चौक्या वीस हजारांच्या वर. दोन्ही ओढींचा मेळ अंदाजाने लागत नाही. पोहोचल्यावर, तिथल्याच थंडीत रात्रभर राहिलेल्या गोळ्यांनी पुन्हा झिरो करा. दुर्बिणीच्या बॅटऱ्या मात्र उबेत, छातीजवळच्या खिशात ठेवा.