बाथरूमच्या ड्रेनेजला हवा लागते: व्हेंट पाईपच्या या चुका टाळा

पावसाळा लागला की कोल्हापुरातनं प्लंबर म्हणून मला येणारे बरेचसे फोन एकाच धर्तीचे असतात. "बाथरूममध्ये घाण वास मारतोय. फिनेल टाकलं, अ‍ॅसिड टाकलं, जाळी बदलली, काय फरक नाही." नाहीतर, "वरचा फ्लश केला की खालच्या बाथरूममध्ये गुडगुड आवाज येतोय." अशा घरी गेलो की मी बाथरूम नंतर बघतो, आधी जिना चढून गच्चीवर जातो.

फरशीच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप असो, कमोड असो की बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, प्रत्येकात थोडं पाणी साचून राहतं. ते निदान 50 मिमी खोल असावं असा नियम आहे. ड्रेनेजचा वायू घरात यायचा थांबतो तो एवढ्याच पाण्यामुळं. फ्लशचं पाणी 110 मिमीच्या पाईपातून खाली कोसळताना मागनं हवा ओढतं. वर पाईपाचं तोंड उघडं असेल तर हवा तिथून मिळते. नसेल तर ती ट्रॅपमधून ओढली जाते आणि ट्रॅपचं पाणीही सोबत जातं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते. व्हेंट, म्हणजे गच्चीवर तोंड उघडं ठेवलेला पाईप, हेच ते दुसरं भोक. उतार, जोड, ट्रॅप सगळं चोख असलं तरी हे भोक बंद असेल तर वास येणारच.

पत्रा मारताना व्हेंट कापणे

कोल्हापूरचा पाऊस आणि गळक्या गच्च्या, त्यामुळं स्लॅबवर पत्र्याचं शेड मारायची पद्धत आपल्याकडं घरोघरी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पत्र्याच्या आड पाईप आला की फॅब्रिकेशनवाला ग्राइंडर लावून तो उडवतो, आणि मालक बघत उभा असतो.

पाचगावच्या बाजूला एका दुमजली घरात हेच झालेलं. ऐन पावसाळ्यात खालच्या बाथरूमला वास सुटला. आधीच्या प्लंबरनं नहाणी ट्रॅप बदलला होता, त्यासाठी टाईल्स फोडल्या होत्या, कमोडचा बूड पांढऱ्या सिमेंटनं पुन्हा भरला होता. मी खालच्या ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, जाळी काढून बॅटरी मारून बसलो आणि वर हाक दिली, "वहिनी, फ्लश करा." ट्रॅपमधलं पाणी थरथरलं, गटकन खाली गेलं आणि मागं ओला तळ तेवढा राहिला. वास तिथूनच येत होता. ट्रॅप अगदी चांगला होता.

गच्चीवर शेडखाली वॉशिंग मशीन, जुनी सायकल, शेणीची पोती. पोत्यांच्या मागं गुडघ्याएवढा पाईपाचा तुकडा उभा होता. त्याच्या तोंडात सिमेंटच्या पिशव्यांचे बोळे कोंबून वरनं गिलावा केलेला. मालक म्हणाले, "ओ, त्यातनं पाणीच कुठं येत होतं? रिकामाच होता की पाईप!" हा गैरसमज मी गल्लोगल्ली ऐकतो. तो पाईप रिकामाच असायला हवा, त्याचं काम हवा न्यायचं आहे.

छिन्नीनं तोंड मोकळं केलं. 45 अंशाचे दोन बेंड घालून पाईप पन्हळीच्या बाहेरनं फिरवला आणि पत्र्याच्या वर नेऊन काऊल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी, बसवला. पत्र्याला भोक पाडलं नाही, नाहीतर पुढच्या पावसात तिथनं गळती सुरू झाली असती. शेडचा खर्च ठरवतानाच हे दोन बेंड धरले असते तर टाईल्स वाचल्या असत्या.

उंचीचा नियम पाठच करा. ज्या छतावर माणसांचा वावर नाही, तिथं पाईप छताच्या वर निदान 60 सेंमी जावा. वावरायची सपाट गच्ची असेल तर निदान 2 मीटर. आणि 3 मीटरच्या आत कुणाची खिडकी असेल तर तिच्या वरच्या कडेपेक्षा 2 मीटर उंच, मग ती शेजाऱ्याची का असेना. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, बरोबरीनं पाईप सोडून "झालं काम" म्हणणाऱ्यांना मी परत शिडीवर चढवतो.

वर जाताना पाईप बारीक करणे

खाली 110 आणि वर गच्चीतनं 50 चा बाहेर काढलेला. चार पैसे वाचतात, म्हणून. मी खालचीच साईज शेवटपर्यंत नेतो.

व्हेंट आडवा, तोही खालून काढणे

हॉलच्या कोपऱ्यात नंतर अटॅच बाथरूम काढलं की ही चूक हमखास होते. आडव्या पाईपाच्या कुशीतून व्हेंट काढतात आणि फरशीखालूनच आडवा पळवतात. त्यात सांडपाणी शिरतं, गाळ बसतो आणि पाईप भिंतीच्या आत मुकाट्यानं बुजतो. मी तो आडव्या पाईपाच्या पाठीवरून काढतो, बेसिनच्या काठाच्या वर जाईपर्यंत उभाच नेतो, आडवं वळवायचं ते त्यानंतर. तिथंही थोडा उतार ड्रेनेजकडं ठेवतो, म्हणजे आत धरलेलं पाणी परत खाली जातं.

व्हॉल्व्ह लावून गच्ची टाळणे

ऑनलाइन मिळणारा हवा आत घेणारा व्हॉल्व्ह भिंतीत बसवायचा आणि वर पाईप न्यायचाच नाही, असा उपाय नवीन पोरं व्हिडिओ बघून सांगतात. हा व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो. सेप्टिक टँकमधला वायू आणि खालच्या मजल्यावर साचणारा दाब त्यातून बाहेर पडत नाही. अडचणीच्या एखाद्या बेसिनला तो चालेल, पण घराला निदान एक व्हेंट आभाळापर्यंत उघडा हवाच. एका दिवसात काम उरकायच्या घाईचं हे खूळ मला अजिबात पसंत नाही.

डासांसाठी पाईपच बांधून टाकणे

डेंग्यूच्या दिवसांत घरी येणारे आरोग्य कर्मचारी व्हेंटला जाळी बांधायला सांगतात, ते बरोबर आहे. सेप्टिक टँकमधले डास तिथूनच बाहेर पडतात. पण जाळी म्हणजे जाळी. प्लॅस्टिकची पिशवी, जुन्या चादरीचा जाड तुकडा, उलटा ठेवलेला डबा नव्हे. नायलॉनची जाळी बांधा आणि वर्षातनं एकदा झाडून घ्या.

पावसाचं पाणी व्हेंटमध्ये सोडू नका. डक्टमध्ये, म्हणजे पाईपांसाठी सोडलेल्या अरुंद मोकळ्या जागेत, खिडकीखाली व्हेंट संपवू नका. आणि वास कुठनं येतोय हे बघायला चेंबर उघडून काडी ओढू नका, आत मिथेन असतो.

पाहुण्यांच्या बाथरूमला वास येत असेल तर फोन करण्याआधी ट्रॅपमध्ये मगभर पाणी ओता. महिना-महिना वापर नसला की ते पाणी नुसतं सुकतं, त्यात व्हेंटचा दोष नसतो. मात्र पाणी भरूनही दुसऱ्या दिवशी वास आला, तर सगळे ट्रॅप भरा, वरचा फ्लश करा आणि बॅटरी घेऊन खालच्या ट्रॅपपाशी बसा. पाणी हललं की गच्चीवर जाऊन पाईपाचं तोंड शोधा. नवीन कामात मी ही तपासणी टाईल्स बसायच्या आधी करतो, आणि मालकाला शेजारी बसवून करतो.