मोडेम ब्रिजवर टाकण्याआधी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फायबरची तार रस्त्याकडच्या ओसरीत येते आणि मोडेमही तिथेच भिंतीला लावलाय. स्वयंपाकघरापर्यंत जुन्या, हातभर जाडीच्या दोन भिंती लागतात, त्यामुळे तिथे वायफाय नावालाच. शिवाय मला बाहेरून घरचा कॅमेरा बघायचा होता. म्हणून मधल्या खोलीत चांगला राउटर ठेवायचा आणि मोडेम ब्रिज करायचा, म्हणजे इंटरनेटचं लॉगिन मोडेमऐवजी राउटरने करायचं, असं ठरलं. सेटिंग बदलायला दहा मिनिटं पुरतात. पण पहिल्या वेळी मी काहीच हाताशी न घेता बसलो आणि त्याच मोडेमवर चालणारा आईचा लँडलाइन दोन दिवस मुका झाला. ती गावात कुणाकुणाला फोन लावत असते ते त्या दोन दिवसांत नीट कळलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ब्रिज खरंच हवाय का ते बघा. नुसतं वायफाय लांबवर पोचवायचं असेल तर नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (त्यात तो फक्त वायफाय पसरवतो, लॉगिन मोडेमच करतो) लावा, मोडेमला हात लावायची गरजच नाही. बाहेरून कॅमेरा बघायचा असेल तर ब्राउझरमध्ये मोडेमची सेटिंगची पानं उघडून स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटलेला आहे आणि ब्रिज करूनही बाहेरून थेट आत येता येणार नाही. मग आधी कंपनीकडे स्टॅटिक आयपीची (फक्त तुमच्या घरासाठीच्या, न बदलणाऱ्या पत्त्याची) चौकशी करा, बाकीचं नंतर.

आता कागद आणि पेन घ्या. ब्रिज झाल्यावर मोडेम फक्त प्रकाशाचा सिग्नल उतरवून पुढे देतो, लॉगिन राउटर करतो. त्यासाठी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचं, युजरनेम आणि पासवर्ड लागतो, आणि मोडेमच्या पानावर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात. कस्टमर केअरला फोन करून तो मागून घ्या. बोलणं गुजरातीत होवो की हिंदीत, अक्षरं एकेक करून लिहा आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा. कॅपिटल कुठलं, स्मॉल कुठलं, शून्य आहे की ओ, एक आहे की एल, हे खाली खूण करून ठेवा. युजरनेममध्ये अ‍ॅट आणि त्यापुढचा भाग असेल तर तोही पूर्ण उतरवा. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारा: व्हीएलॅन नंबर (एकाच तारेतल्या इंटरनेट, फोन अशा सेवा वेगळ्या ठेवणारा) कोणता, आणि कनेक्शन मोडेमच्या मॅक अ‍ॅड्रेसला (यंत्राच्या ओळखक्रमांकाला) बांधलेलं आहे का. बांधलेलं असेल तर नव्या राउटरचा मॅक त्यांना लिहून घ्यायला सांगा. व्हीएलॅन सहसा मोडेमच्याच ब्रिज कनेक्शनमध्ये भरतात. तो तिथे भरलात तर राउटरमध्ये पुन्हा भरू नका.

माझं चुकलं ते पुढच्या पायरीत. मोडेमच्या वॅन पानावर एकाखाली एक दोन-तीन ओळी असतात. मी सगळ्या पुसल्या. त्यातली एक फोनची होती. मग घाबरून मागचं रिसेटचं भोक टाचणीने दाबलं, आणि कंपनीने भरलेलं होतं नव्हतं तेही गेलं. माणूस घरी येऊन पुन्हा भरेपर्यंत काही चालेना. तेव्हा आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, बॅकअपची सोय असेल तर फाइल उतरवून घ्या, नावात व्हॉइस किंवा व्हीओआयपी (इंटरनेटवरून चालणारा फोन) असलेल्या ओळीला हात लावू नका, आणि ती टाचणी लांब ठेवा.

लाइन धडधाकट आहे ना तेही आजच बघा. मोडेमवरचा पॉनचा (फायबर जोडल्याचा) दिवा स्थिर, लॉसचा (सिग्नल गेल्याचा) बंद. ऑप्टिकल पानावर रिसीव्ह पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ला टेकली असेल तर आधी लाइनमनला बोलवा, नाहीतर उद्या दोष ब्रिजचा की तारेचा हे कळणारच नाही. याच कारणासाठी उत्तरायणाच्या दिवसांत, १४-१५ जानेवारीला, हे काम काढू नका: गच्चीवरून गेलेल्या तारांत मांजा अडकतो आणि लाइनमन मिळत नाही. कामाच्या दिवशी सकाळी बसा. फायबरचं हिरवं टोक काढू नका, तार मुडपू नका.

मोडेम ते राउटर केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या, आठही तारा जोडलेली. चारच तारांची असेल तर वेग १०० एमबीपीएसवर अडतो. मोडेम १९२.१६८.१.१ वर असेल तर राउटरला १९२.१६८.५०.१ द्या, म्हणजे दोघे भांडणार नाहीत. राउटरचं अ‍ॅप आणि नवं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आधीच उतरवून ठेवा, आणि पीपीपीओईची माहितीही राउटरमध्ये आधीच भरा. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा, म्हणजे घरातले फोन, टीव्ही, कॅमेरा आपोआप जोडले जातील. मोडेमचं वायफाय मात्र बंद करायला विसरू नका. मोबाइलमध्ये डेटा हवा. दोन्ही अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवा, अदलाबदल झाली तर यंत्र जळू शकतं.

ब्रिज केल्यावर लगेच लॉगिन झालं नाही तर दोन्ही यंत्रं दहा मिनिटं बंद ठेवा. जुनं सेशन कंपनीच्या बाजूला कधी कधी अडकून राहतं. तरीही नाही झालं तर फोटो उघडून सगळं होतं तसं परत भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. लॉगिन झालं की वेग मोजत बसण्याआधी ओसरीत जाऊन लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावा. दुसऱ्या वेळी मला डायल टोन ऐकू आला, तेव्हा मी आईला हाक मारली आणि तिच्या हातात फोन दिला.