मस्कतला येताय? ओढणी घ्याच, पण सूप विचारून प्या

मस्कतला येऊन मला 18 वर्षं झाली. सांगलीकडून कुणाची सून, कुणाची भाची इकडे यायची ठरली की फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, तिकडे बुरखा घालावा लागतो का हो?" नाही लागत. दुसरा प्रश्न, साडी चालते का? चालते. टिकली? मंगळसूत्र? चालतं, कुणी वळूनसुद्धा बघत नाही. शाकाहारी खाण्याचं मात्र कुणीच विचारत नाही. "इंडियन हॉटेलं असतीलच की" म्हणून सगळ्या निर्धास्त येतात, आणि कपड्यांत नाही, नेमक्या तिथे फसतात.

आधी कपड्यांचं उरकते. ओमानमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बाईचेही आणि पुरुषाचेही. मॉलच्या दारात तशी पाटीच असते. आपला पंजाबी ड्रेस या देशासाठीच शिवलाय असं वाटावं इतका इथे सोयीचा. सुती, सैल, बाह्या कोपराखाली. उन्हाळ्यात पारा 45च्या पुढे जातो तेव्हा उघड्या हातांपेक्षा झाकलेले हात बरे, आणि आत ऑफिसात एसी इतका गार की तेव्हाही पूर्ण बाहीच कामाला येते. साडीवर स्लीव्हलेस किंवा मागे खोल गळ्याचा ब्लाऊज बाजारात नको. नऊवारी फक्त मंडळाच्या पाडव्याला, कारण तिच्यात पोटऱ्या दिसतात. हे मला पहिल्या वर्षी रुवीच्या रस्त्यावर उमगलं आणि मी जी टॅक्सीत बसले ती थेट घरी उतरले.

सुलतान काबूस ग्रँड मशिदीला जाल तेव्हा मात्र नियम कडक. मुसलमान नसलेल्यांना सकाळी 8 ते 11 आत सोडतात, शुक्रवारी नाही. केस पूर्ण झाकलेले, बाह्या मनगटापर्यंत, खाली घोट्यापर्यंत. आपल्या शिफॉनच्या ओढणीतून केस दिसतात, ती दारावर चालत नाही. जाड सुती ओढणी न्या, दोन पिनाही न्या, नाहीतर दर पाच मिनिटांनी ती घसरते आणि सगळं लक्ष तिच्यातच. अंगावरचं पुरेसं नसेल तर तिथे भाड्याने अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, मिळतो. आतला गालिचा डोळे भरून बघा. 21 टनांचा आहे आणि तो इराणमधल्या 600 बायकांनी चार वर्षं बसून विणलाय.

समुद्रावर किंवा वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या खोऱ्यात, पोहायचं असेल तर लेगिंग आणि पूर्ण बाहीचा पोहण्याचा टॉप घ्या. सुती पंजाबी ड्रेसने पाण्यात उतरू नका. ओला झाला की तो तुम्हालाच खाली ओढतो. वादी बनी खालिदला अंगभर कपड्यांत पोहा अशा पाट्या आहेत आणि गावातले लोक तिथेच राहतात, हे लक्षात असू द्या.

एक मात्र करू नका. मस्कतचे नियम डोक्यात ठेवून दुसरीकडे जाऊ नका. इराणमध्ये डोकं झाकणं हा कायदा आहे, पाहुण्या बाईलाही. सौदीने 2019मध्ये पर्यटकांना व्हिसा द्यायला सुरुवात केली तेव्हा परदेशी बायकांची अबायाची सक्ती काढली, तरी अंगभर कपडे हवेतच. इस्तंबूलला गेलात तर याच ओढणीची गरज फक्त मशिदीच्या दारात पडेल.

आता जेवणाचं. इथे "व्हेजिटेरियन" याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी "मटणाचा तुकडा दिसत नाही" एवढाच. पहिल्या महिन्यात एका हॉटेलात मी मसुराचं सूप मागवलं, शोरबत अदस. पिवळंधमक, वर लिंबू, आपल्या आमटीची बहीणच. अर्धी वाटी संपल्यावर सहज विचारलं तर वेटर अभिमानाने म्हणाला, चिकनच्या पाण्यात शिजवलंय म्हणून चव आहे. त्याने फसवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. पुढे एकदा भाताच्या ढिगातून तुकडे उचलून बाजूला ठेवले आणि "नाऊ व्हेज" म्हणून तीच थाळी पुढे आली, तेव्हा मात्र मी हसले.

म्हणून तीन शब्द पाठ करा. "अना नबातीया", म्हणजे मी शाकाहारी. पण यावर थांबू नका. "बिदून लहम, बिदून दजाज, बिदून समक": मटण नको, चिकन नको, मासे नकोत. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तिसरा शब्द "मरक", म्हणजे रस्सा, उकळलेलं पाणी. "मरक दजाज?" असं सूप, भात आणि भाजीचा सालोना, म्हणजे रस्साभाजी, या तिघांबद्दल विचाराच. अंडं म्हणजे बैद. खरं तर निम्म्या वेळा अरबी लागतही नाही. काउंटरवर केरळचा माणूस असतो, आणि मत्रहच्या बाजारात म्हातारे ओमानी दुकानदार तुमच्यापेक्षा बरं हिंदी बोलतात. कच्छचे भाटिया व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. त्यांच्यातल्या कनकसी खिमजींना तर शेख ही पदवी मिळाली होती. त्यामुळे मांस न खाणारा माणूस मस्कतला नवा नाही. मस्कत सोडून आत निझवाकडे गेलात की समजावत बसावं लागतं.

निर्धास्त काय खाता येतं? हुम्मूस म्हणजे काबुली चण्याची चटणी, मुतब्बल म्हणजे वांग्याचं भरीत, फत्तूश म्हणजे कोशिंबीर, फलाफल म्हणजे चण्याची भजी, फूल म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ. झातर या सुक्या मसाल्याची पूड लावलेली मनाकीश रोटी. ओमानी रखाल, कागदासारखी पातळ भाकरी, वर मध किंवा चीज. अंडं खात नसाल तर आधी सांगा, ते न विचारता फोडतात. आणि टपरीवरचा पराठा, आत चीज आणि "चिप्स ओमान" या नावाचे चुरलेले बटाट्याचे चिप्स, सोबत करक म्हणजे दाट दुधाचा कडक चहा. हे पौष्टिक मुळीच नाही, पण प्रवासात याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. ओमानी हलवा स्टार्च, साखर, तूप, केशर, गुलाबपाण्याचा. तो खुशाल खा, अंडं वर्ज्य असेल तर मात्र आधी विचारा. जेली आणि मार्शमॅलोत मात्र जिलेटिन असतं. "हलाल" लिहिलं म्हणजे शाकाहारी झालं नाही, ते बहुधा गाईगुरांचंच असतं.

घरून काय आणावं? भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. साबुदाणा, पोहे, डाळी इथे ढिगाने मिळतात, त्यांचं ओझं नको. खसखस मात्र एक दाणाही नको. अमिरातीत आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे, आणि निम्म्या जणी दुबईमार्गेच येतात. घरच्या गोड्या मसाल्यात कुणाकुणाकडे खसखस असते, सासूबाईंना विचारून घ्या. आणि दिवाळीचे अनारसे? ते तिकडेच खाऊन या.

रमजानात दिवसा रस्त्यावर, बसमध्ये, स्वतःच्या गाडीतसुद्धा खायचं-प्यायचं नाही. पाण्याचा घोटही नाही, च्युइंगमही नाही. घरात काय ते खा. दुपारी बहुतेक हॉटेलं बंद असतात, तेव्हा डबा आणि ऑफिसातली बंद खोली हाच मार्ग. त्या महिन्यात कपडेही नेहमीपेक्षा थोडे अधिक सैल.

ईदला शेजारणीकडून बोलावणं येईलच, आणि ईदला असतो शुवा: मसाला लावलेलं मटण जमिनीतल्या भट्टीत दीड-दोन दिवस पुरून शिजवलेलं. जायचं टाळू नका, पण आदल्या दिवशीच सांगा. मी सांगितलं तेव्हा माझ्या शेजारणीने काळजीने विचारलं, "डॉक्टरांनी बंद केलंय का?" दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे वेगळं ताट होतं. केळी, खजूर, मध लावलेली रखाल आणि डोंगराएवढा हलवा. बायका वेगळ्या खोलीत जमिनीवर बसतात, तेव्हा पाय झाकतील असा घेरदार कपडा हवा, जीन्समध्ये तासभर मांडी घालून बसवत नाही. घरातल्या पुरुषांशी आपण होऊन हात मिळवायला जाऊ नका, छातीशी हात नेऊन मान लववली की झालं. खजूर उजव्या हाताने घ्या. मग कावा, म्हणजे अरबी कॉफी, येतो, वेलदोड्याचा, बिनसाखरेचा, इवल्याशा कपात. तो संपला की परत भरतात, संपला की परत. मी पहिल्या ईदला नऊ कप प्यायले आणि पहाटेपर्यंत टक्क जागी होते. पुरे झालं की रिकामा कप हातात डावी-उजवीकडे हलवायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.