अंडं-भाजी परतताना पाणी का सुटतं

कोबी-अंडं केलं की ताटात पाणी आणि वर रबरासारखे गोळे, ही तक्रार नेहमीची. त्यात मसाल्याचा काही दोष नसतो. कोबी, ढोबळी मिरची, टोमॅटो, पालक यांत 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, अंड्यात साधारण 75 टक्के. भाजीतलं पाणी उडवायचं असतं, अंड्यातलं राखायचं असतं. म्हणून दोघांची आच वेगळी, आणि दोन्ही एकदम कढईत टाकायची नाहीत.

दोघांसाठी 4 अंडी, 250 ग्रॅम चिरलेली भाजी, 1 कांदा आणि 2 मोठे चमचे तेल पुरे.

अंडी फोडून त्यात पाव चहाचा चमचा मीठ घाला, फेटा आणि 10 मिनिटं ठेवा. रंग जरा गडद होतो; अंडी बिघडलेली नसतात. मिठामुळे अंडं शिजताना घट्ट आवळत नाही, मऊ राहतं. लोखंडी कढई आधी चांगली तापवा, मग 1 मोठा चमचा तेल, मग अंडी. थंड कढईत अंडं हमखास चिकटतं. अंडी पडली की आच मंद करा. पांढरं 62 अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, पिवळं 65 ते 70 ला. त्याच्या फार पुढे गेलं की अंडं आकसतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं. ताटातलं बरंचसं पाणी हेच. उलथन्याने मोठे मोठे तुकडे सरकवत राहा आणि वर ओली चमक असतानाच ताटलीत काढा. बाहेरही ते थोडं शिजतंच. लहान मुलं किंवा गरोदर बाई जेवणार असेल तर मात्र पूर्ण घट्ट होऊ द्या.

आता भाजी. धुतलेली भाजी फडक्यावर कोरडी करून मगच चिरा. कढईत पाणी आहे तोवर भाजी 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणजे ती उकडते, परतली जात नाही आणि खरपूस वासही येत नाही. झाकण ठेवू नका. कढई लहान असेल तर दोन घाण्यांत करा. चर्र आवाज बसला की समजायचं, भाजी जास्त झाली.

उरलेलं तेल, जिरं, हिरवी मिरची, कांदा, मोठी आच. आधी कडक भाज्या: तिरकी बारीक चिरलेली फरसबी 4-5 मिनिटं, गाजराच्या काड्या 3. मग कोबी किंवा ढोबळी मिरची 2 मिनिटं. सगळं एकदम घातलं तर गाजर कच्चं राहतं आणि कोबीचा लगदा होतो. टोमॅटो घालायचाच तर आतला रस-बिया काढून. तो रस सारात जाऊ द्या. पालक वेगळा परतून, पिळून शेवटी. दोडका आणि घोसाळं यांच्या वाटेला इथे जाऊ नये, ती वाफेवरच शोभतात.

भाजीचं मीठ अगदी शेवटी, कारण मीठ पडलं की पाणी सुटतंच. अंड्यात मीठ आहे, ते धरून घाला. हळद कांद्याबरोबर चालते, पण कांदा-लसूण मसाला मोठ्या आचेवर लगेच करपून कडू होतो. 1 चहाचा चमचा, आच कमी करून. मग अंडी परत घाला, 20 सेकंद हलक्या हाताने हलवा आणि गॅस बंद. लिंबू ताटात पिळा. कढईत पिळलं तर हिरव्या भाज्यांचा रंग मळतो.

डब्यात न्यायचं असेल तर जरा निवू द्या. गरम भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी पुन्हा भाजीतच उतरतं.