पानगळीचे रंग बागेत हवेत? मग आधी ऊन कुठून येतं ते बघा

बहुतेक जण झाड निवडण्यात खूप वेळ घालवतात आणि जागा मात्र जिथे मोकळी दिसेल ती, आणि माझ्या मते निम्मा रंग तिथेच वाया जातो. पानगळीच्या दिवसांत सूर्य खाली कललेला असतो. तुम्ही रोज ज्या खिडकीत बसता तिथून सकाळी किंवा संध्याकाळी बघा, ऊन कुठून येतंय, आणि झाड तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असं लावा. मागून ऊन आलं की मेपलचं पान आरपार पेटल्यासारखं दिसतं, शिरा न् शिरा मोजता येते, आणि तेच पान समोरून उन्हात बघितलं तर बऱ्यापैकी साधं वाटतं. मागे भिंत किंवा गर्द हिरवी झाडं असतील तर तिथे पिवळा रंग लावा, छान उठून दिसतो.

पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं क्लोरोफिल ओसरलं की तो वर येतो, त्यामुळे गिंको हे पिवळं होणारं झाड सहसा दगा देत नाही (फक्त नर रोप घ्या, मादी झाडाच्या पडलेल्या बियांना फार घाण वास येतो). लाल रंगाचं तसं नाही. तो त्याच दिवसांत पानातल्या साखरेपासून नव्याने तयार होतो आणि त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण कडक हिम नको. म्हणूनच बर्निंग बुश नावाचं झुडूप उन्हात लालभडक होतं आणि सावलीत फिकट गुलाबी. पण उत्तर अमेरिकेत ते बागेबाहेर जंगलात पसरतं, तिथे राहत असाल तर प्लीज ते लावू नका, फोदरगिला नावाचं झुडूप लावा नाहीतर ब्लूबेरी, जिला फळंही येतात आणि पानंही सुंदर लाल होतात, फक्त माती आम्लधर्मी हवी, पीएच साधारण 4.5 ते 5.5.

खरेदीला ऐन पानगळीतच जा, म्हणजे रंग डोळ्यांनी बघून घेता येतो. बियांपासून केलेल्या रोपांचा भरवसा नसतो, एक लाल होईल आणि त्याचंच भावंड नुसतं पिवळट, म्हणून जातीचं नाव असलेलं कलमच घ्या. जपानी मेपलमधे लाल रंगासाठी ओसाकाझुकी नावाजलेली आहे. मात्र जपानी मेपलला दुपारचं कडक ऊन नको, पानांच्या कडा करपतात आणि करपलेल्या पानाला रंग कसला येणार!

उन्हाळा संपत आला की नायट्रोजनवालं खत बंद. पाऊस नसेल तर मुळांपर्यंत पोचेल असं भरपूर पाणी द्या, कारण तहानलेलं झाड रंग यायच्या आधीच पानं टाकून मोकळं होतं.

गिंकोची पानं बरेचदा एक-दोन दिवसांतच सगळी गळतात, तो पिवळा सडा लगेच झाडू नका, चार दिवस राहू द्या. नंतर पानं बारीक करून झुडपांखाली पसरा, खोडाला चिकटवून ढीग करू नका, आणि डाग पडलेली रोगट पानं मात्र वेगळी काढून टाका.